माळवदाचे घर : खरेदीपूर्वीची पारख व नंतरची निगा
(मुरुड व परिसरातील शेतकऱ्यांसाठी)

मराठवाड्यातील शेतकरी आपल्या गावाची जमीन पूर्वापार दोन नावांनी ओळखत आला आहे. पिकाची ती काळी व वस्तीची ती पांढरी. काळीची पारख त्यास कोणी शिकवावी लागत नाही. माती किती खोल आहे, खाली मुरूम लागतो की चुनखड, पाणी धरून राहते की निचरून जाते, हे तो बांधावर उभा राहून सांगू शकतो. परंतु तोच शेतकरी पांढरीतील घर विकत घेताना चौकटीवरील नक्षीकाम, चौकाची ऐसपैस रुंदी व मालकाने सांगितलेली किंमत एवढ्यावरच सौदा ठरवितो, असे पुष्कळदा आढळून येते. भिंतीच्या पोटात काय आहे व माथ्यावर किती ओझे आहे, याची चौकशी क्वचितच होते. ही चौकशी कशी करावी, आणि घर ताब्यात आल्यावर ते कसे राखावे, याची माहिती देण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

लातूर–बार्शी रस्त्यावरील मुरुड हे या भागातील मोठे बाजारपेठेचे गाव. १५ ऑगस्ट १९८२ रोजी लातूर जिल्हा स्वतंत्र होईपर्यंत ते उस्मानाबाद जिल्ह्यात मोडत असे. मुरुडात व आसपासच्या खेड्यांत सिमेंटची घरे आता पुष्कळ झाली असली, तरी गावठाणाच्या जुन्या भागात दगड-मातीच्या भिंतींची व माळवदाची घरे अद्यापि उभी आहेत. नोकरी-व्यवसायानिमित्त लातूर, सोलापूर किंवा पुणे येथे स्थायिक झालेली कुटुंबे अशी घरे विकावयास काढतात, आणि भाऊवाटणीनंतर जागेच्या शोधात असलेला शेतकरी ती घेतो. नव्या बांधकामाच्या मानाने ती स्वस्त पडतात, हे खरे. मात्र स्वस्ताईचे कारण कधी कधी भिंतीतच दडलेले असते.

माळवदाचे गुण

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करावीशी वाटते. माळवदाचे घर म्हणजे मागासलेले घर, ही समजूत बरोबर नाही. लाकडी खांबांवर तुळया, तुळयांवर कड्या, कड्यांवर फळ्या किंवा किलचांचा थर, त्यावर पाला अथवा काड्या व सर्वांत वर चोपून बसविलेली पांढरी माती, अशी ही रचना आहे. उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या वर जातो तेव्हा मातीचा हा जाड थर दिवसाची उष्णता सावकाश शोषून घेतो व ती खोलीत उतरेपर्यंत रात्र झालेली असते. पत्र्याच्या घरात भर दुपारी बसवत नाही, आणि माळवदाखाली पंख्याशिवाय झोप लागते, हा सर्वांच्या अनुभवातील फरक आहे. लाकूड, दगड व माती ही तिन्ही साधने शिवारातच मिळत असत. प्रकाश व वारा येण्यासाठी माळवदास ठेवलेले सवणे, धान्यासाठी भिंतीतील बळद आणि पावसाचे पाणी बाहेर टाकणारी पन्हाळ, यांत पिढ्यांचा विचार साठलेला आहे.

पांढरी मातीच का वापरीत, हेही ध्यानात घेण्यासारखे आहे. काळी माती भिजली की फुगते व वाळली की भेगाळते. अशी माती छपरावर टाकली तर पहिल्याच पावसात पाणी भेगांतून थेट कडीवर उतरेल. जुन्या वस्तीच्या जागेची राख व चुना मिसळलेली पांढरी माती तशी फुगत नाही. चोपली असता ती घट्ट बसते. काही ठिकाणी खारवट चोपण मातीचाही वापर करीत. तिचे कण पाण्यात सुटे होऊन बारीक छिद्रे बुजवितात, म्हणून शेताला घातक असणारी ही माती छपराला उपयोगी पडे.

गुणातून निपजलेला दोष

या पद्धतीत एक दोष मात्र आहे, आणि तो निष्काळजीपणाने उत्पन्न होत नाही. तो निगा राखल्यामुळे उत्पन्न होतो. दर वर्षी मृगापूर्वी माळवदावर नवी पांढरी माती टाकून ती चोपण्याचा प्रघात आहे. गळती थांबावी हा त्यातील हेतू. काही माती पावसाने वाहून जाते, काही राहते. राहणारी माती वर्षाला अर्धा इंच जरी धरली, तरी २४ वर्षांत एक फूट थर चढतो. आजोबांनी आठ इंच मातीसाठी उभारलेल्या खांबांवर नातवाच्या काळात दीड-दोन फूट माती बसलेली असते. ज्याने माळवदाची निगा अधिक श्रद्धेने राखली, त्याचे घर अधिक जड झाले, असा हा विलक्षण प्रकार आहे.

या ओझ्याचा हिशेब कोणासही करता येईल. दहा फूट लांब व दहा फूट रुंद खोलीवर एक फूट जाडीची माती म्हणजे १०० घनफूट, अर्थात एक ब्रास माती. चोपलेल्या कोरड्या मातीच्या एका ब्रासचे वजन सुमारे साडेचार टन भरते. भिजली असता ते आणखी वाढते. म्हणजे चार-पाच भरलेल्या बैलगाड्या आपण डोक्यावर उभ्या करून त्यांच्याखाली अंथरूण घालतो. जाडी दोन फूट असेल तर गाड्यांची संख्या दुप्पट धरावी. खांब सरळ उभे आहेत तोवर हे ओझे सरळ खाली जमिनीत उतरते व कोणास काही जाणवत नाही. जमीन आडवी हलली म्हणजे ते जाणवते. धावत्या गाडीस अचानक हिसका बसला की डोईवर मोठा बोजा घेतलेला मनुष्य रिकाम्या डोक्याच्या मनुष्यापेक्षा आधी कोलमडतो. घराचेही तसेच आहे. छपराचे वजन जितके अधिक, तितका भूकंपात आडवा जोर अधिक.

किल्लारीने काय दाखविले

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी परिसरात भूकंप झाला. आदल्या दिवशी गणेश विसर्जन होऊन गावे नुकतीच झोपली होती. लातूर व उस्मानाबाद जिल्ह्यांत मिळून जवळ जवळ आठ हजार माणसे मृत्यू पावली. या भूकंपाची तीव्रता सहाहून थोडी अधिक होती. एवढ्या तीव्रतेचे भूकंप जगात दर वर्षी अनेक होतात व पुष्कळ ठिकाणी त्यांत फारशी मनुष्यहानी होत नाही. येथे ती झाली, कारण माणसे आपल्या घरांच्या भिंतींखाली व माळवदांखाली सापडली. त्या वेळी हा प्रदेश देशाच्या भूकंपविषयक नकाशात सर्वांत कमी धोक्याच्या विभागात दाखविलेला होता. वास्तविक १९९२ च्या ऑगस्ट ते ऑक्टोबर या काळात किल्लारीत लहान धक्के वारंवार जाणवले होते. २००२ मध्ये नकाशा सुधारण्यात आला तेव्हा किल्लारी परिसर तिसऱ्या विभागात घालण्यात आला.

पडलेल्या घरांची पाहणी अभियंत्यांनी केली तेव्हा दोन गोष्टी प्रामुख्याने आढळल्या. एक म्हणजे भिंतींची रचना. बाहेरून दोन ते तीन फूट, क्वचित त्याहूनही जाड दिसणारी भिंत प्रत्यक्षात एक भिंत नव्हतीच. बाहेरच्या बाजूस मोठ्या दगडांची एक फळी, आतल्या बाजूस दुसरी फळी आणि मध्ये चिपा, खांडकी व माती यांची भर, असा तो प्रकार होता. दोन्ही फळ्यांना एकत्र बांधणारे आरपार दगड घातलेले नव्हते. धक्का बसताच मधली भर खाली दबली, तिने दोन्ही फळ्या बाहेर लोटल्या आणि भिंत उभी चिरून कोसळली. जाड भिंत म्हणजे मजबूत भिंत ही आपली परंपरागत समजूत त्या पहाटे खोटी ठरली.

दुसरी गोष्ट आशादायक होती. ज्या घरांत माळवदाचा भार लाकडी खांबांवर होता व खांब-तुळयांचे सांधे शाबूत होते, तेथे भिंती पडूनही लाकडी सांगाडा अनेक ठिकाणी उभा राहिला व खालची माणसे वाचली. उलट जेथे तुळयांची टोके सरळ भिंतीवर टेकलेली होती, तेथे भिंतीबरोबर माळवदही खाली आले. जुने घर पाहताना हा फरक सर्वांत आधी पाहावयाचा आहे.

भूकंपानंतर शासनाने जागतिक बँकेच्या साहाय्याने पुनर्वसनाचा मोठा कार्यक्रम हाती घेतला. सर्वाधिक हानी झालेल्या ५२ गावांचे नव्या जागी पुनर्वसन झाले व लाखाहून अधिक घरांची दुरुस्ती आणि मजबुतीकरण करण्यात आले. त्या वेळी गवंड्यांना शिकविलेल्या पद्धती आजही तितक्याच उपयुक्त आहेत. मात्र मुरुडासारख्या ज्या गावांत विशेष पडझड झाली नाही, तेथील पुष्कळ घरमालकांनी त्या कधी अंगीकारल्या नाहीत. आपले घर १९९३ मध्ये टिकले म्हणजे ते भक्कम आहे, असा निष्कर्ष काढणे बरोबर होणार नाही. मुरुड किल्लारीपासून दूर होते, एवढाच त्याचा अर्थ. २१ मार्च व १० जुलै २०२४ रोजी हिंगोली जिल्ह्यात झालेल्या ४.५ तीव्रतेच्या धक्क्यांनी नांदेड-परभणीपर्यंतच्या लोकांना रस्त्यावर आणले होते.

सौद्यापूर्वी घर पाहताना

घर पाहावयास जाताना बरोबर एक जाणता गवंडी, एक सुतार, ओळंबा, आरी व मोजपट्टी न्यावी. शक्य तर पावसाळ्यात एकदा व उन्हाळ्यात एकदा घर पाहावे. तेवढा अवकाश नसेल तर निदान पाऊस पडून गेल्यावर तरी पाहावे, कारण नव्याने चुना दिलेले घर कोरड्या दिवसांत सारखेच सुंदर दिसते.

पहिले माप माळवदाच्या मातीचे घ्यावे. यासाठी खणण्याची गरज नाही. सवण्याच्या कडेला मातीचा छेद उघडा दिसतो, तेथे मोजपट्टी लावली की जाडी कळते. मालक सांगेल त्या आकड्यावर विसंबू नये. बहुधा त्यासही तो माहीत नसतो.

त्यानंतर खांब पाहावेत. प्रत्येक खांब दगडी उथळ्यावर नीट बसला आहे की मातीत रुतला आहे, हे पाहावे. खांबाचा तळ व तुळईचे भिंतीत शिरणारे टोक, या दोन जागी लाकूड आधी कुजते, कारण ओल तेथेच राहते. आरीचे टोक लाकडात सहज शिरले तर ते लाकूड बाद समजावे. वाळवीच्या मातीच्या नळ्या दिसल्यास त्या खरवडून आत जिवंत वाळवी आहे की काय ते पाहावे. सागाचे जुने लाकूड बाहेरून काळवंडलेले असले तरी आतून ठणठणीत असू शकते, म्हणून केवळ रंगावरून त्यास नाकारू नये. तुळया मध्यभागी वाकल्या असतील तर ते ओझ्याचे लक्षण आहे.

भिंतींना जागोजाग ओळंबा लावावा. भिंतीचे पोट बाहेर आलेले असेल, विशेषतः कमरेपासून छातीपर्यंतच्या उंचीत ती फुगीर असेल, तर आतली भर दबून बाहेरची फळी सुटू लागली आहे असे समजावे. गिलाव्यावर लाकडी मोगरीने हलके ठोकून पाहावे. पोकळ आवाज येणारी जागा खडूने खूण करून ठेवावी. कोपऱ्यांतील उभ्या भेगा अधिक गंभीर मानाव्यात, कारण दोन भिंती एकमेकींपासून अलग होत असल्याचे ते चिन्ह आहे. भेग जुनी की नवी हे कळत नसेल तर तिच्यावर प्लास्टर ऑफ पॅरिसचा किंवा सिमेंटचा पातळ ठिपका लावून तारीख लिहावी. दोन महिन्यांत ठिपका तडकला तर भिंत अद्याप हलत आहे.

अगदी अलीकडे सिमेंटचा गुळगुळीत गिलावा केलेल्या जुन्या घराबाबत विशेष सावध असावे. मातीत बांधलेली भिंत श्वास घेते, म्हणजे तिच्यातील ओल पृष्ठभागावाटे बाहेर पडते. सिमेंटच्या कवचाने ती वाट बंद होते, ओल आत कोंडते व सांध्यांतील माती हळूहळू सैल होते. शिवाय फुगवटा व भेगा नजरेआड जातात. असा गिलावा कित्येकदा ग्राहकासाठीच केलेला असतो, असे म्हणावयास हरकत नाही.

घराभोवतालची जमीनही पाहावी. न्हाणीचे पाणी भिंतीच्या मुळाशी मुरत असेल, शेजाऱ्याची पन्हाळ आपल्या भिंतीवर पडत असेल किंवा भिंतीलगत पिंपळ-उंबर रुजला असेल, तर त्याचा खर्च किंमत ठरवितानाच धरावा.

कागदपत्रांची बाजू

याविषयी थोडक्यातच सांगावयाचे आहे, तथापि फसवणूक येथेच अधिक होते. ग्रामपंचायतीचा नमुना ८ हा कर आकारणीचा उतारा आहे. त्यावर नाव असणे म्हणजे मालकी सिद्ध होणे नव्हे. साध्या मुद्रांक कागदावर दोन साक्षीदारांसमोर लिहून घेतलेल्या व्यवहाराने घराची मालकी मिळत नाही. १९०८ च्या नोंदणी कायद्यानुसार शंभर रुपये व त्याहून अधिक किमतीच्या स्थावराच्या विक्रीचा दस्त नोंदविणे आवश्यक आहे. म्हणून दुय्यम निबंधकाकडे नोंदविलेले खरेदीखतच करावे व आधीच्या व्यवहारांसाठी सूची क्रमांक २ चे उतारे काढावेत. २०२० साली सुरू झालेल्या स्वामित्व योजनेखाली ड्रोनच्या साहाय्याने गावठाणांची मोजणी होऊन मिळकत पत्रिका देण्याचे काम झाले आहे. आपण घेत असलेल्या घराची पत्रिका निघाली असल्यास तीवरील क्षेत्र प्रत्यक्ष मोजून ताडून पाहावे.

जुन्या घरांची मालकी बहुधा वडिलोपार्जित असते. विकणाऱ्याच्या बहिणींची संमती दस्तात घेतली आहे की नाही, हे कटाक्षाने पाहावे. हिंदू वारसा कायद्यातील २००५ च्या दुरुस्तीने मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांच्या बरोबरीचा हक्क दिला आहे. "बहिणी काही म्हणावयाच्या नाहीत" हे आश्वासन विकणारा मनापासून देत असेल, परंतु न्यायालयात त्याचा उपयोग होत नाही. निजामी राजवटीतील काही कागद उर्दूत असतात. ते जाणकाराकडून वाचवून मराठीत लिहून घ्यावेत. गावठाणात दोन घरांत सामाईक भिंत असणे नित्याचेच आहे. ती कोणाची, तिच्यात तुळई टेकविण्याचा हक्क कोणास, व पन्हाळीचे पाणी कोणत्या बाजूस पडावे, हे चतुःसीमेबरोबर दस्तात स्पष्ट लिहावे.

दुरुस्तीचा क्रम

घर ताब्यात आल्यावर रंगरंगोटीस आरंभ करण्यापूर्वी माळवदाचे ओझे उतरवावे. यासारखी स्वस्त व यापेक्षा अधिक लाभाची दुरुस्ती दुसरी नाही. साहित्य विकत आणावयाचे नसून केवळ मजुरी लागते, आणि घरची माणसे असल्यास तीही लागत नाही. होळीनंतर मृगापूर्वीचा काळ यास उत्तम. माती एका बाजूने सरसकट काढीत जाऊ नये. सर्व बाजूंनी थोडी थोडी काढावी, म्हणजे सांगाड्यावर एकांगी भार येत नाही. काम चालू असताना खाली कोणी बसू नये, व वाकलेल्या तुळयांना आधी टेकू द्यावेत. शेवटी आठ इंचांहून अधिक माती ठेवू नये. एवढ्या मातीनेही उन्हाळ्यात घर बऱ्यापैकी थंड राहते. पुढे दर वर्षी माती टाकण्याची पाळी येऊ नये म्हणून चार इंच माती चोपल्यावर तीवर जाड प्लास्टिकचा अखंड कागद पन्हाळीकडे उतार देऊन पसरावा व वर उरलेली चार इंच माती घालावी. कागदाचे सांधे एक फूट एकमेकांवर यावेत. गळती थांबली की माती वाढविण्याचे कारणच उरत नाही.

यानंतर लाकडी सांगाडा. खांब व तुळई यांच्या कोनात दोन्ही दिशांनी तिरपे लाकडी आधार ठोकावेत आणि सांधे लोखंडी पट्ट्या व बोल्ट यांनी जखडावेत. चारपायी खाट जुनी झाली की डुलू लागते व पायांना तिरपी पट्टी मारली की स्थिर होते, तोच हा न्याय. जी तुळई भिंतीवर टेकली असेल तिच्या टोकाखाली भिंतीलगत स्वतंत्र खांब उभा करावा.

भिंती शिवण्याचे काम कुशल गवंड्याकडूनच करवून घ्यावे. सुमारे तीन ते चार फुटांच्या अंतरावर, आडव्या व उभ्या दोन्ही दिशांनी, भिंतीतील एकेक दगड हलक्या हाताने सैल करून आरपार छिद्र पाडावे. घणाचे घाव घालू नयेत, नाहीतर जी भिंत वाचवावयाची तीच पडते. छिद्र सुमारे तीन इंचांचे असावे. त्यात दोन्ही टोके वाकविलेली आठ मिलिमीटरची सळई ठेवून काँक्रीट भरावे व दहा दिवस पाणी मारावे. असा प्रत्येक टाका भिंतीच्या दोन फळ्यांना एकत्र धरून ठेवतो. त्याखेरीज दाराच्या माथ्याच्या उंचीवर, आतून व बाहेरून, सुमारे दहा इंच रुंदीची वेल्डेड जाळीची पट्टी सिमेंट-वाळूच्या थरात बसवून घराभोवती अखंड फिरवावी. कोपऱ्यांत ती तुटू देऊ नये. घागरीच्या गळ्यास दोर बांधावा तसे काम ही पट्टी करते. घराची किंमत, कुटुंबाची ऐपत व भिंतींची अवस्था पाहून एकाच वर्षी सर्व करणे जमले नाही, तर ज्या खोलीत माणसे झोपतात ती आधी घ्यावी. फुगून सुटलेला भाग मात्र शिवण्याच्या भरीस न पडता उतरवून पुन्हा बांधावा. बांधताना भिंत दीड फुटाहून जाड करू नये. दर दोन फूट उंचीवर व दर चार फूट लांबीवर आरपार दगड घालावा. दगड न मिळाल्यास सळई घातलेला काँक्रीटचा ठोकळा चालेल. कमी मजबुतीच्या दगडी बांधकामासाठी भारतीय मानक ब्यूरोने १९९३ मध्ये काढलेल्या १३८२८ क्रमांकाच्या मानकात हीच मापे दिलेली आहेत.

येथे एका प्रचलित प्रकाराविषयी निक्षून सांगणे भाग आहे. पुष्कळ लोक माळवद काढून त्याच जुन्या भिंतींवर सिमेंटचा स्लॅब टाकतात. पाच इंची स्लॅबचे वजन १०० चौरस फुटांस सुमारे तीन टन, म्हणजे एक फूट मातीपेक्षा कमीच भरते, हा त्यांचा हिशेब चुकीचा नाही. परंतु माळवद खांबांवर उभे होते, आणि स्लॅब मातीच्या भिंतीवर बसतो. जी भिंत पूर्वी केवळ आडोसा होती तिच्यावर आता सारा भार येतो, व ती पडली तर स्लॅब अखंड खाली येतो. स्लॅबच हवा असेल तर पाया, काँक्रीटचे खांब व तुळया नव्याने घेऊनच करावा. पत्रा घालावयाचा झाल्यास तो हूक-बोल्टने कैचीस आवळावा. वाऱ्याने उडू नये म्हणून पत्र्यावर दगड मांडण्याची पद्धत अत्यंत धोक्याची आहे.

पाण्याची टाकी हाही असाच विषय आहे. २०१६ च्या टंचाईत मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले, तेव्हापासून घरोघरी साठवणीच्या टाक्या वाढल्या, हे योग्यच झाले. परंतु हजार लिटरच्या भरलेल्या टाकीचे वजन एक टन होते. ती माळवदावर ठेवू नये. अंगणात वेगळ्या चबुतऱ्यावर ठेवावी. ५०० चौरस फूट छपरावर वर्षात ७०० मिलिमीटर पाऊस पडला तर सुमारे ३२,००० लिटर पाणी पडते, व स्लॅब किंवा पत्र्यावरून त्यातील सुमारे २५,००० लिटर तरी टाकीत वळविता येते. माळवदाचे पाणी गढूळ असल्याने ते पिण्याकरिता न घेता परसबागेस द्यावे.

काळ्या मातीवर नवे घर

गावठाणात जागा न मिळाल्यामुळे जे शेतात किंवा गावालगतच्या काळ्या रानात नवे घर बांधतात, त्यांस वेगळीच अडचण येते. काळी माती पावसाळ्यात फुगून जोते उचलते व उन्हाळ्यात आकसून खाली सोडते. त्यामुळे खिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरप्या भेगा पडतात. उन्हाळ्यात जमिनीच्या भेगेत काठी घालून पाहावी. पाया त्या खोलीच्या खाली, शक्यतो मुरुमापर्यंत न्यावा. मुरूम फार खोल असल्यास तळाशी फुगवटा ठेवलेल्या काँक्रीटच्या खुंटांचा पाया अभियंत्याच्या सल्ल्याने घ्यावा. जोत्यात काळी माती कदापि भरू नये. घराभोवती तीन-चार फूट रुंदीची, बाहेर उतार असलेली फरशी करावी, म्हणजे पायालगतची माती एकदम भिजत नाही व एकदम सुकतही नाही. जोत्याच्या व दाराच्या माथ्याच्या पातळीवर तीन इंच जाडीचा, आठ ते दहा मिलिमीटरच्या दोन सळया घातलेला काँक्रीटचा पट्टा सर्व भिंतींवरून अखंड न्यावा. दारे-खिडक्या कोपऱ्यापासून निदान दोन फूट दूर असाव्यात. बांधकामास पाणी मुबलक मिळेल अशाच दिवसांत हात घालावा. ऐन मे महिन्यात टँकरच्या पाण्यावर टाकलेला स्लॅब पुरेसा भिजत नाही व पुढे कायमचा गळतो.

वर्षाची कामे

मृगापूर्वी पन्हाळी साफ कराव्यात, माळवदावरील गवत मुळासकट उपटावे व उंदरांची बिळे बुजवावीत. बहुतेक गळती बिळांतून होते, मातीच्या कमतरतेमुळे नव्हे. तेव्हा गळले की टोपलीभर माती टाकण्यापूर्वी बीळ शोधावे. पावसाळ्यात न्हाणीचे पाणी भिंतीपासून दूर शोषखड्ड्यात किंवा परसबागेत न्यावे. दिवाळीपूर्वी मातीच्या भिंतींना चुनाच द्यावा, तेलरंग देऊ नये. खांबांच्या तळाशी वाळवीनाशक औषध लावावे. भिंतीला टेकून कडब्याची गंज अथवा जळणाचा ढीग रचू नये. वाळवी तेथूनच चढते, आणि भिंतीचा फुगवटाही त्यामागे दिसेनासा होतो.

शेवटी, उतरविलेल्या मातीचे काय करावे, असा प्रश्न शेतकरी नेहमी विचारतात. जुन्या वस्तीची पांढरी माती खत म्हणून शेतात टाकण्याची चाल आपल्याकडे आहेच, व तिच्यातील राखेमुळे ती पिकास मानवते. मात्र माळवदाची माती खारवट चोपण असण्याचा संभव असल्याने ती तशीच रानात टाकू नये. मूठभर माती काचेच्या पेल्यात पाण्याबरोबर ढवळून रात्रभर ठेवावी. सकाळी पाणी निवळले तर माती बहुधा शेतात टाकण्याजोगी असते, तरी नमुना माती परीक्षण प्रयोगशाळेत दाखवून खात्री करून घ्यावी. पाणी गढूळच राहिले तर ती माती शेतात न नेता घरापुढील रस्त्याच्या किंवा अंगणाच्या भरावास वापरावी.